गिरणीसमोरची फरशी

मी फुटपाथवरून रस्त्यावर उतरले, एक सायकलवाला शिव्या घालत अगदी अंगाला चाटून गेला आणि डोक्यावरून आवाज आला, "शैला, तूसुद्धा?"

वर पाहिलं तर माडीच्या खिडकीत वैराळेबाई बसल्या होत्या.

"मी काय केलं, बाई?"

"चांगली फुटपाथवरून येत होतीस. खाली का उतरलीस?"

मागे वळून पाहिलं. मी जिथे उतरले होते तिथे फरशीच्या मधोमध एक द्रोण होता. दहीभात, त्यावर लाल माखलेलं लिंबू, शेजारी काळ्या चिंधीची बाहुली. उतारा. कुणाच्या तरी अंगावरून ओवाळून टाकलेला. तो दिसल्याचं मला आठवतच नव्हतं. माझ्या पायांनी तो परस्पर बघितला होता आणि मला न विचारता खाली उतरवलं होतं.

"बाई, तुम्ही शिकवलेलं विज्ञान डोक्यात आहे. पाय तुमच्या वर्गात नव्हते."

"आगाऊपणा पुरे. किल्ली सोडते," असं म्हणून त्यांनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं दूध, भाजी, टपाल सगळं त्या टोपलीतून वरखाली व्हायचं.

वैराळेबाई म्हणजे वाठेगावच्या कन्याशाळेतल्या विज्ञानाच्या बाई. लग्न केलं नाही, देवळात कधी गेल्या नाहीत आणि वर्गात कुणी 'नजर लागली' म्हणालं की तिला डोळ्याची आकृती काढायला लावायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी घरी मुली शिकायला यायच्या. फळ्यावरच्या चुकीभोवती लाल खडूने गोल, हा बाईंचा जुना कायदा होता, त्यामुळे त्यांची बोटं कायम लाल असायची. मी त्यांची विद्यार्थिनी. वकील होऊन गावात पाटी लावली तेव्हा पहिला पेढा त्यांनीच खाल्ला आणि माझ्याकडे पहिली दांडगी केसही त्यांचीच आली.

झालं होतं असं. आमच्या गावात फुटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या फरश्या. जगदाळ्यांच्या पिठाच्या गिरणीसमोरच्या, म्हणजे बाईंच्या घराच्या अगदी खालच्या फरशीवर गेलं वर्षभर रोज संध्याकाळी उतारा पडलेला असायचा. कोण ठेवतं कुणालाच ठाऊक नव्हतं. अख्खा गाव तेवढी फरशी टाळून चालायचा. श्रावणात एका संध्याकाळी बाई चार मुलींना घेऊन घरी येत होत्या. मुली उताऱ्यापाशी थबकल्या. बाई म्हणाल्या, "बघा, काही होत नाही," आणि त्यांनी सरळ लिंबावर पाय दिला. पुढच्या क्षणी त्या कमरेपर्यंत गटारात होत्या.

गावाला तर आयतंच मिळालं. सगळ्यांना एकदाच काय ती खात्री पटली की उतारा जागृत आहे.

"मला नुकसानभरपाई नाही मिळाली तरी चालेल," खाटेवर पाय लांब करून बाई मला सांगत होत्या. "पण त्या चार मुलींना वाटतंय, लिंबानं बाईंना पाडलं. मी त्यांना जन्मभर उलटं शिकवत आले आणि एका मिनिटात सगळं पुसलं गेलं. मला कोर्टाकडून लिहून पाहिजे, बाई फरशी उलटल्यामुळे पडल्या. बस."

"पण बाई, हा उतारा ठेवतं कोण?"

"तो तुझ्या केसचा विषय नाही," त्या एकदम तुटकपणे म्हणाल्या. "फरशीचं बोल."

पण विषय तोच निघाला. नगरपालिकेचे वकील मोकाशी यांनी कैफियत दिली ती वाचून मला घाम फुटला. फरशी सुस्थितीत आहे, कधीही येऊन बघा. वादी लिंबावरून आणि भातावरून घसरून फरशीच्या कडेने गटारात गेल्या. ते लिंबू नगरपालिकेने ठेवलेलं नाही, त्रयस्थ माणसाने ठेवलेलं आहे, तेव्हा जबाबदारी असलीच तर त्या माणसाची.

"गव्हाणेबाई," वकिलांच्या खोलीत मोकाशी पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "लिंबूवाला शोधून आणा, मी स्वतः त्याच्यावर दावा लावायला मदत करतो. आणि तो माणूस नसून दुसरंच काही निघालं तर मात्र समन्स कसं बजावायचं ते बघावं लागेल." आणि खो खो हसले.

मी फरशी बघून आले. चारी बाजूंनी घट्ट बसलेली, इतर फरश्यांसारखीच दिसत होती. साक्षीदार तर एक मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "फरशीचं आम्हाला काय म्हाईत, आम्ही तिच्यावर पायच देत न्हाई."

त्या आठवड्यात मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. गिरणी अंजिरा जगदाळे चालवायची. नवरा गेल्यापासून एकटीच. तिने माझा डबा घेतला, पट्टा बंद केला आणि दार ओढून घेतलं. गिरणीची घरघर थांबल्यावर आत इतकं शांत झालं की वरून पीठ झरत होतं तेही ऐकू यायला लागलं.

"वकीलबाई, बाई ज्याच्यावर पडल्या न्हवं, त्यो उतारा माझा हुता," ती म्हणाली.

मी डब्यावरच बसले.

"आमचं मालक त्याच फरशीवरनं गेलं. मागच्या पावसाळ्यात. डोकं कडंला आपटलं, पुन्हा डोळं उघडलं न्हाईत. नगरपालिकेची मानसं आली, फरशी बगितली, म्हनली, फरशी जाग्यावर हाय, चक्कर आली आसंल. म्या किती येळा जाऊन सांगितलं, ती उलटती आन् परत बसती. कोन ऐकतंय? तिथं दगूड ठिवला तर लोकांनी बाजूला सारला. काठी रोवली तर कुनी तरी जळणाला नेली. मंग म्या उतारा ठिवला. त्या दिसापास्नं कुनाचा पाय पडंल तर शपत."

"बाईंचा पडला."

"व्हय वो," ती म्हणाली आणि पीठभरल्या हातांनी तिने तोंड झाकून घेतलं. "साऱ्या गावात पाय देनारं एकच मानूस, आन् ते बाईच असावं!"

मला तिचा राग आला नाही. उलट त्या युक्तीचं मनातून कौतुक वाटलं. पण हे कोर्टात सांगायचं म्हटल्यावर ती बिचकली. गाव तिला करणी करणारी म्हणणार. तिच्या गिरणीत मग दळण कोण टाकणार?

"आन् एक सांगू का?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "बाई पडल्या तवापास्नं म्या एकबी ठिवल्याला न्हाई. माजा हातच धजत न्हाई."

"म्हणजे? अगं, मी परवाच बघितला की!"

"रोज आसतुया. मधी थोडं दीस खाडा पडला, आन् पुन्हा सुरू झालं. म्या न्हाई ठिवत. बसा, दावते."

दिवेलागणीची वेळ होत आली होती. दाराच्या फटीतून फरशी दिसत होती, रिकामी. आम्ही दोघी फटीला डोळे लावून बसलो. समोरून एक म्हैस गेली, तीदेखील फरशी चुकवून गेली. माझ्या नाकात पीठ गेलं, मला शिंक आली. शिंकून डोळे पुसले आणि परत बघितलं तर फरशीवर द्रोण होता.

मी धाडकन दार उघडून बाहेर आले. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. पावलांचा आवाज नाही, काही नाही. बाईंच्या माडीवर दिवासुद्धा लागलेला नव्हता. मी फरशीच्या कडेला उभी राहून वाकले. वाऱ्याची झुळूक आली तशी लिंबावरची लाली जराशी उडाली आणि भातावर पडली.

"कोण ठेवतं हे?" मी विचारलं.

अंजिरा दारातच उभी होती. तिने त्या द्रोणाकडे बघून पदर सारखा केला, नवऱ्यासमोर करावा तसा.

"मालक," ती म्हणाली. "आनी कोन?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंना अंजिराची हकिगत सांगितली. त्या जराही चकित झाल्या नाहीत. ठेवताना त्यांनी तिला खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं. का ठेवते ते मात्र त्यांना माहीत नव्हतं, खुळचटपणा वाटला होता आणि म्हणून तर त्यांनी हट्टाने पाय दिला होता.

"तिला साक्षीला बोलवू या," मी म्हणाले. "नगरपालिकेला आधीपासून माहीत होतं, याचा तेवढा एकच पुरावा आहे."

"अजिबात नाही. मोकाशी तिच्यावरच उलटवतील. तिचा नवरा गेला त्याची जबाबदारी कुणी घेतली नाही, आणि आता माझ्या पायाची जबाबदारी तिच्या गळ्यात घालायची? तिचं नाव कोर्टात आलं तर मी दावा काढून घेईन."

"मग हरू आपण."

"हरू," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. हरण्याची सवय नसलेला माणूस हरायची तयारी करतो तेव्हा ते बघवत नाही.

माझ्या हातात शेवटचं एकच उरलं होतं. न्यायाधीशांनी स्वतः जागेची पाहणी करावी असा अर्ज मी दिला. साहेब नव्याने बदलून आलेले होते, गावातलं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी तो मंजूर केला.

पाहणी फाल्गुनात झाली, भर दुपारी. उन्हात पीठ भाजेल असं ऊन होतं. बाई पायाच्या तपासणीसाठी सांगलीला भाचीकडे गेल्या होत्या, त्या तिथूनच गाडीने थेट आल्या. गिरणीच्या पायरीवर खुर्ची टाकून आम्ही त्यांना बसवलं. गाव तर जत्रेला जमावं तसं जमलं होतं.

फुटपाथच्या त्या टोकाकडून साहेब निघाले. मागे मोकाशी, नगरपालिकेचे इंजिनीयर, साहेबांचा लिहिणारा कारकून आणि बेलीफ. चालता चालता साहेब रस्त्यावर उतरले, पुढे येऊन परत फुटपाथवर चढले. त्यांच्यामागोमाग मोकाशी उतरले, चढले. इंजिनीयर, कारकून, बेलीफ, सगळे ओळीने उतरले आणि चढले.

"साहेब," खुर्चीतून बाईंचा खणखणीत आवाज आला, "आपण मध्येच रस्त्यावर का उतरलात?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. फरशीवर उतारा होता. भर दुपारी.

साहेबांचे कान लाल झाले. "ते बाजूला करा," ते बेलीफाला म्हणाले. "खालची फरशी बघायची आहे."

बेलीफ जागचा हलला नाही. "साहेब, घरात बायको दिवसांत हाय," तो म्हणाला. साहेबांनी इंजिनीयरकडे पाहिलं, इंजिनीयरने नगरपालिकेच्या मुकादमाकडे, मुकादम गर्दीत मागे सरकला. मी पुढे व्हावं असं माझ्या मनात आलं, पण पाय जड झाले होते. एवढी माणसं, आणि एक द्रोण कुणाला उचलवेना. बाई खुर्चीचे हात धरून उठायची धडपड करायला लागल्या.

"बसा बाई," मागून आवाज आला. अंजिरा गिरणीच्या पायऱ्या उतरत होती. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. गर्दी आपोआप फाकली. तिने फरशीच्या कडेला गुडघे टेकले, दोन्ही हातांनी द्रोण उचलला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला.

"पयल्यांदा म्याच ठिवत हुते साहेब," ती म्हणाली. "बाई पडल्या त्योबी माझाच हुता."

गर्दीत कुजबुज उठली. मोकाशी तर टाळी वाजवायचेच बाकी राहिले. "साहेब, घ्या लिहून! त्रयस्थ व्यक्तीने मान्य केलं!"

"का ठेवत होतीस?" साहेबांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. मालकांचं पडणं, नगरपालिकेतले हेलपाटे, दगड, काठी. ती रडली नाही. सांगून झाल्यावर फरशीकडे हात करून म्हणाली, "आता लिंबू न्हाई, भात न्हाई. द्या की कुनीबी पाय."

"मोकाशी, फरशी सुस्थितीत आहे असं तुमचं म्हणणं आहे," साहेब म्हणाले. "उभे राहा बघू तिच्यावर."

मोकाशींनी इंजिनीयरकडे बघितलं. इंजिनीयर चष्मा पुसायला लागले. कुणीच पुढे होईना. फरशी उन्हात स्वच्छ दिसत होती, घट्ट बसलेली, निरागस.

शेवटी साहेबांनी बेलीफाच्या हातातली काठी घेतली आणि तिच्या टोकाने फरशीचा कोपरा दाबला. आवाज न होता फरशी फिरली. खालचं काळं पाणी क्षणभर दिसलं, कुबट वाफ वर आली, आणि काठी उचलताच फरशी परत येऊन बसली. जशीच्या तशी. पहिल्या रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरली.

"अरे देवा!" कुणी तरी म्हणालं.

साहेबांनी कारकुनाला सगळं सांगून लिहून घेतलं. मग अंजिराला विचारलं, "वादी पडल्यानंतरचे उतारे? आजचा हा?"

"बाई पडल्या तवापास्नं म्या ठिवल्याला न्हाई."

"मग कुणी ठेवला?"

"मालकांनी."

कुणी हसलं नाही. कारकुनाची लेखणी थांबली. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा, आजचा उतारा कोणी ठेवला हे निष्पन्न होत नाही."

संध्याकाळी बाईंना खुर्चीसकट माडीवर नेऊन बसवलं. खोली पंधरा दिवस बंद होती, सगळीकडे धुळीचा थर. मी खिडकी उघडली. खिडकीखाली टोपली होती, टोपलीत दोरी, काळ्या चिंध्या आणि लाल खडूचे तुकडे, कुटून पूड केलेले. मी ती पूड चिमटीत धरली. मला लिंबावरून उडालेली लाली आठवली. कुंकू असं उडत नाही, ते चिकटतं. मला धो धो हसू फुटलं.

"बाई! तुम्ही?"

बाईंनी चोरी पकडलेल्या मुलीसारखी मान खाली घातली. "मग काय करू? मी पडल्यावर अंजिराने बंद केलं. उघड्या फरशीवरून शाळेतल्या मुली जाताना मला इथून दिसायच्या. मी ओरडायचे, त्या हात हलवून जायच्या. नगरपालिकेला माणूस पाठवला, त्याला बसवून ठेवलं. मग द्रोणाखालून दुहेरी दोरा घेतला, खाली सोडला आणि एक टोक ओढलं. घरात कुंकू नव्हतं, म्हणून खडू. दावा लावलेल्या बाईने हे करायचं म्हणजे... तुला सांगायची लाज वाटली."

"आणि ती बिचारी मालक मालक म्हणून त्याला नमस्कार करतेय!"

बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा बघून माझं हसू ओसरलं.

"शैला, मी पंधरा दिवस सांगलीला होते," त्या सावकाश म्हणाल्या. "घराला कुलूप होतं. आज खाली द्रोण बघितला तेव्हा मला वाटलं, अंजिराने पुन्हा सुरू केलं."

मी खिडकीतून खाली पाहिलं. अंजिरा गिरणीबाहेरच्या नळावर हात धूत होती. बराच वेळ चोळत होती, पण दोन्ही तळव्यांवरचं लाल जात नव्हतं.

निकाल दिवाळीनंतर लागला. वादी फरशी उलटल्यामुळे पडल्या, फरशी नीट राखण्याची जबाबदारी नगरपालिकेची होती आणि तिला धोक्याची पूर्वकल्पना होती, असं साहेबांनी स्वच्छ लिहिलं. बाईंनी त्या चारही मुलींना बोलावून माझ्याकडून ते मोठ्याने वाचून घेतलं, दोनदा. अंजिराच्या गिरणीत दळणं कमी झाली नाहीत. उलट बायका तिला जरा घाबरून वेळेवर पैसे द्यायला लागल्या.

पण तोवर, मधल्या सगळ्या महिन्यांत, फरशीवर रोज उतारा असायचा. बाईंनी पुन्हा दोरा खाली सोडला नव्हता. अंजिराने गिरणीच्या देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगितलं, तिनेही नाही. मी गावात खोदून खोदून विचारलं. कुणी कबूल झालं नाही.

मग एक दिवस नगरपालिकेची माणसं आली, जुनी फरशी फोडली आणि नवी जाड लादी सिमेंटमध्ये पक्की बसवली. त्या संध्याकाळी आम्ही तिघी बाईंच्या खिडकीत बसलो होतो. सूर्य बुडाला. रस्त्यावरचे दिवे लागले. लादी रिकामी होती. एक मुलगी दप्तर उडवत आली आणि लादीवरून सरळ चालत गेली. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. काही आलं नाही.

अंजिरा पदर तोंडात धरून हुंदके द्यायला लागली. "मालक आता न्हाई यायचं," ती म्हणाली. नवरा गेला तेव्हाही ती एवढी रडली नसेल.

मी बाईंकडे पाहिलं. आता त्या तिला समजावणार, असं काही नसतं म्हणणार, डोळ्याची आकृती काढायला लावणार, असं मला वाटलं. बाईंनी हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला. बोटांवर लाल खडू होताच.

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "त्यांचं काम झालं, अंजिरा."